आधी टेलला

आबांनी माझ्या पायाला पाय म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही. ते त्याला टेल म्हणायचे. सकाळी सात वाजता आमच्या उंबऱ्याबाहेर उभे राहायचे, काठी एकदा फरशीवर आपटायचे आणि विचारायचे, "माईकराव, टेल काय म्हणतंय?" मी खाटेवर पडल्या पडल्या उजव्या पायाची बोटं हलवून दाखवायचो. पाचही हलली तर मान डोलावून ते निघून जायचे. करंगळीने आळस केला तर मात्र आत यायचे, काठीचं टोक करंगळीजवळ आणायचे आणि गंभीरपणे म्हणायचे, "ही कुणाची जमीन हाय? हिला पाणी पोचलं न्हाय."

आबा आमचे घरमालक. बारामतीत, कन्हेरीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला त्यांचं घर. पुढच्या दोन खोल्यांत ते एकटे, मागच्या दोन खोल्यांत मी आणि माझी बायको. त्यांची सगळी नोकरी कालव्यावर झाली. बारामतीपासून खाली इंदापूरच्या बाजूला कालव्याच्या भरावावरून चालत जायचं, काठीने पाण्याची उंची मोजायची, कालव्यातून फुटणाऱ्या कुठल्या चारीचं दार किती उघडायचं ते बघायचं आणि ज्याचं दार बंद केलं त्याच्या शिव्या खायच्या, हे त्यांचं काम. कालव्याची धरणाकडची बाजू म्हणजे हेड आणि जिथे पोचेपर्यंत पाणी दमून जातं ती शेवटची बाजू म्हणजे टेल. पाण्याचं आवर्तन सुटलं की आधी टेलच्या शेतकऱ्याला द्यायचं आणि मग एकेक दार उघडत वर हेडकडे यायचं, असा नियम. कागदावर तो सगळ्यांना मान्य असतो. प्रत्यक्षात हेडच्या माणसाच्या बांधाला लागून, त्याच्या डोळ्यांदेखत पाणी खळाळत पुढे जात असतं आणि त्याने ते नुसतं बघत बसायचं असतं. या नियमापायी आबांना लोकांनी दोनदा कालव्यात ढकललं होतं.

"मग काय केलंत?" मी विचारलं होतं.

"काय करणार. पव्हत टेलकडंच निघालो. तितं ड्युटी हुती."

नोकरी संपली, पण नियम काही त्यांनी खात्याला परत केला नाही. घराच्या टाकीतलं पाणी आधी आमच्या मागच्या खोल्यांना, कारण आम्ही टेलला. आमची बादली, हंडा, कळशी भरून झाली की बायकोने भिंतीवर थाप मारायची, मग आबा पुढचा कॉक उघडणार. तोवर स्वतः तोंडाला दंतमंजन लावून कोरडे उभे. भाड्याने आलो तेव्हा पहिले काही महिने आम्हाला वाटलं, काय देवमाणूस आहे. नंतर कळलं, आम्ही पुढच्या खोल्यांत असतो तर आम्हालाही कोरडंच उभं केलं असतं.

ती काठीही विसरण्यासारखी नव्हती. बाभळीची, आणि तिच्यावर बोटाबोटाच्या अंतराने खाचा. त्या काठीने ते बादली मोजत, टाकी मोजत, पावसाळ्यात गल्लीतलं डबकं मोजत. एकदा बायकोने आमटी पाठवली तर तीही मोजली आणि भांडं परत देताना म्हणाले, "सूनबाई, आमटी झकास. पण गाळ खाली बसलाय, पाणी वर हाय. ढवळून सोडत जा."

आणि चाल. डावं पाऊल ते असं टाकायचे, की कुणी पाकिटावर रागाने शिक्का मारतोय. शरीर एका बाजूला कलायचं, काठी दुसऱ्या बाजूने येऊन सावरायची. एवढ्या लंगडत्या पायाने हा माणूस रोज मैलोन्मैल कसा चालला असेल, असं माझ्या मनात यायचं आणि निघून जायचं. विचारलं कधी नाही. माझं काम बोलण्याचं, विचारण्याचं नाही.

मी निवेदक. लग्न, साखरपुडा, सत्कार, उद्घाटन, बैलगाड्यांच्या शर्यती, दुभत्या जनावरांचं प्रदर्शन, कशाचाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यात असा मांडव क्वचितच असेल ज्याच्या खाली मी "उपस्थित सर्व मान्यवरांचं" म्हणालेलो नाही. सलग पाच तास उभं राहून बोलू शकतो आणि त्यातला एक तास तर मला स्वतःलाही ऐकावासा वाटतो. आबांना या धंद्याचं कौतुक नव्हतं. त्यांना ते काम वाटत नसे, गळती वाटत असे.

आमची खरी गाठ पडली ती शेळगावच्या एका लग्नात. मी माईकवर, आबा मुलाकडून पाहुणे. अक्षता पडल्या, पंगत बसली. पहिल्या रांगेत टेबलाला पांढरी चादर, पाण्याच्या बाटल्या, मान्यवर. मागे सगळे जमिनीवर, आणि शेवटच्या रांगेत, मांडवाच्या कनातीला पाठ लावून बँडवाले, जीपचे ड्रायव्हर आणि फुलांची सजावट केलेली माणसं. वाढपी बुंदीची परात घेऊन पहिल्या टेबलाशी आले आणि त्यांच्यासमोर आबांची काठी आडवी झाली. सगळे बसलेले, आबा एकटे उभे.

"सुरवात कुठनं?" आबा म्हणाले.

"हितनंच की, आबा," वाढपी म्हणाला.

"टेलला कोण बसलंय?"

वाढप्याला काही कळेना. आबांनी काठीने कनातीकडे दाखवलं. "त्यांच्यापासून. ती माणसं पहाटंपासून वाजवत्यात."

नवरीचा मामा घामाघूम होत धावत आला. "आबा, पुढं मोठी माणसं बसल्यात. वाईट दिसंल."

"हेडला उपाशी मेलेला माणूस मी अजून बघितला न्हाय," आबा म्हणाले आणि काठी तिथेच.

मान्यवरांपैकी एकाने पानातलं मीठ बोटाने हलवायला सुरुवात केली होती. मामाची नजर माझ्याकडे आली. आता माझा धंदा काय, तर जे बिघडलंय ते ठरवूनच केलंय असं लोकांना सांगणं. मी माईक उचलला आणि जाहीर केलं, की या घराण्याने आज एक नवा पायंडा पाडलेला आहे, राबणाऱ्या हातांना पहिला घास. टाळ्या पडल्या. मान्यवरांनीही वाजवल्या, भुकेल्या माणसाला शोभतील इतक्या. मामाने फेटा सारखा केला आणि पुढे वर्षभर तो पायंड्याची गोष्ट स्वतःच्या नावावर सांगत फिरला. शेवटच्या रांगेतला बँडचा म्होरक्या, ट्रम्पेट वाजवणारा जाडजूड गडी, बुंदीचा पहिला घास हातात धरून आबांकडे बघतच राहिला.

येताना आबा माझ्या गाडीवर मागे बसले होते.  मला वाटलं, आता शाबासकी येणार.

"तोंड चांगलं चालवतोस," ते म्हणाले. "पण तुझं सगळं पाणी हेडला हाय, माईकराव. गुडघ्याच्या खाली कोरडं."

मी हसलो. पोट सुटलं होतं, चालणं म्हणजे स्टेजवर डावीकडून उजवीकडे. तीन महिन्यांनी गुडघ्याखालच्या त्या कोरड्या मुलखाने मला हिसका दाखवला.

कन्हेरीत एक सत्कार होता. गावाकडचं स्टेज म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या शेजारी शेजारी लावायच्या, वर फळ्या आणि फळ्यांवर सतरंजी. ते स्टेज मी शेकडो वेळा तुडवलंय. प्रमुख पाहुण्यांना हार घालायला गर्दी झाली, मी त्यांना जागा द्यायला बोलत बोलत मागे सरकलो, आणि दोन ट्रॉल्यांच्या मध्ये फळी नव्हती, नुसती सतरंजी होती. माझा उजवा पाय त्या फटीत गेला. बाकीचा मी गेलो नाही. माईक चालूच होता, त्यामुळे हाडाचा आवाज सगळ्या गावाने ऐकला. पुढच्या रांगेला वाटलं फटाका, आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या पडण्याइतकी दाद त्या दिवशी पाहुण्यांच्या भाषणाला मिळाली नाही.

घोटा दोन्ही बाजूंनी मोडला होता. बारामतीत ऑपरेशन झालं, एक पट्टी आणि सात स्क्रू. डॉक्टर म्हणाले, सहा आठवडे हा पाय जमिनीला लावायचा नाही. त्यानंतर मात्र लावायचा आणि हलवायचा. घोटा आखडून बसला तर लंगड कायमची राहील आणि तासन्‌तास उभं राहणं विसरा.

ते शेवटचं वाक्य ऐकून माझी बोलती बंद झाली, आणि ती बंद झालेली पाहून बायको घाबरली. कारण बसलेला निवेदक कुणी बोलावत नाही. बसून बोलतो तो अध्यक्ष. माझ्याकडे दुसरं कुठलं कसब नाही, जमीन नाही. उभं राहणं हेच माझं दुकान.

आबा दवाखान्यात आले. माझ्याकडे बघितलंही नाही. एक्स-रे उचलला, खिडकीच्या उजेडात धरला, पट्टी बघितली, एकेक स्क्रू बघितला.

"बांधकाम बरं हाय," ते म्हणाले. "ठेकेदाराचं वाटत न्हाय. सायबानं सोता केलंय." मग पहिल्यांदा माझ्याकडे वळले. "आता लायनिंग, म्हंजे आतलं सिमेंट, वाळंस्तोवर पाणी सोडायचं न्हाय."

पुढचे सहा आठवडे या माणसाने माझ्यावर जी नोकरी केली, तशी त्यांनी कालव्यावरही केली नसेल. मला वाटलं होतं, हे आता झाडपाला बांधणार, तेल चोळणार, डॉक्टरांना वेड्यात काढणार. तसलं काही नाही. आबा हुकमाचे पक्के. वरून आदेश आल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि आदेश आल्यावर एक दिवसही बंद ठेवायचं नाही. मला सांभाळून वागायला शिकवणारी फिजिओथेरपीची मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. आबा तिला पहिल्या दिवसापासून सायेब म्हणायचे. ती आली की काठी बगलेत धरून, हात बांधून उभे.

"आजोबा, पाय छातीपेक्षा उंच ठेवायचाय, म्हणजे सूज उतरेल," ती म्हणाली.

"म्हणजे हेड खाली, टेल वर," आबा म्हणाले. "पाणी माघारी फिरवायचं. समजलं, सायेब."

तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "बरोबर समजलंय त्यांना."

त्यानंतर उशा काठीने मोजून लागायच्या. दर दोन तासांनी बोटं हलवायची, असं तिने सांगितलं होतं. आबा दर दोन तासांनी मधल्या भिंतीवर तीन ठोके द्यायचे. नाटकाची तिसरी घंटा व्हावी तसे. ठोके पडले की बोटं हलवायची आणि ओरडायचं, "पोचलं!" नाही ओरडलो तर ते स्वतः बघायला यायचे. एकदा मी एका पायावर उड्या मारत मोरीपर्यंत गेलो. परत येऊन बघतो तर माझ्या दोन्ही चपला गायब. पुढे महिनाभर त्या आबांच्या खुंटीला टांगलेल्या होत्या. टाके निघाले, तेव्हापासून रोज संध्याकाळी ते घोट्याच्या वर सुजेवर अंगठा दाबायचे, उचलायचे आणि पडलेला खड्डा भरेपर्यंत आकडे मोजायचे. पहिल्यांदा तीसपर्यंत मोजावे लागले. हळूहळू वीस, मग बारा.

सहा आठवडे झाले. नवा एक्स-रे निघाला. हाड जुळलं होतं. डॉक्टर म्हणाले, "टाका आता पाय, थोडा थोडा भार द्या."

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे, जी मी कुठल्याही स्टेजवरून सांगितलेली नाही. हजारो माणसांसमोर न अडखळता बोलणारा मी, स्वतःच्या घरात, बायकोसमोर, फरशीवर पाऊल टेकवू शकलो नाही. पाय खाली नेला की कानात तो फटाका वाजायचा.

फिजिओच्या मुलीने उपाय सांगितला. जमिनीवर वजनाचा काटा ठेवायचा, वॉकर धरून उभं राहायचं आणि दुखरा पाय काट्यावर दाबायचा. आज वीस किलो, चार दिवसांनी तीस, मग चाळीस. आकडे वाचायचं काम आबांनी मागून घेतलं. पालथ्या बादलीवर बसून, चष्मा कपाळावर चढवून ते पुकारायचे, "आठ. अकरा. चौदा. चौदा. माईकराव, चौदालाच का थांबलं?"

चौदाच्या पुढे मी जाईना. पाच दिवस, सहा दिवस. मग माझ्यातला निवेदक जागा झाला, म्हणजे बिघडलेलं ते ठरवून केलंय असं दाखवणारा. आबा चष्मा पुसत होते तेवढ्यात मी वॉकरचा एक पाय हळूच काट्यावर ठेवला आणि हाताने रेटला.

"तीस," आबा म्हणाले. "पस्तीस. चाळीस."

मी चेहऱ्यावर वेदना आणली. अभिनय चांगला होता. बायकोने तर देवापुढे साखर ठेवली.

आबांनी काट्याकडे बघितलं, वॉकरकडे बघितलं, माझ्या पायाच्या बोटांकडे बघितलं. बोटं गुलाबी होती, मोकळी, कसलाही भार नसलेली.

"आमच्याकडं असंच व्हायचं," ते शेवटी म्हणाले. "वर काटा बरोबर दाखवायचा. कागदावर पाणी फुल. खाली टेलला जाऊन बघावं तर भेगा. मधीच कुणीतरी पाइप टाकलेला असायचा." आणि उठून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर ठोके पडले नाहीत. त्याऐवजी दारात रिक्षा उभी. "सायबाला विचारलंय," आबा म्हणाले. "दोन्ही कुबड्या घे. फिरून यायचंय."

रिक्षा शेळगावच्या बाजूला, कालव्यावर गेली. उन्हाळी आवर्तन चालू होतं, कालवा काठोकाठ. पलीकडे ऊस उभा, अलीकडे भरावाची पायवाट. आबांनी मला रिक्षातच बसवून ठेवलं. स्वतः उतरले, काठी रिक्षात टाकली आणि भरावाच्या उतरत्या अंगावरून चालायला लागले.

मी बघत राहिलो. लंगड नव्हती.

आठ वर्षं ज्या माणसाला मी आमच्या गल्लीत शिक्के मारत जाताना बघितलं होतं, तो सरळ, ताठ, हात हलवत, एखाद्या तरण्या गड्यासारखा चालला होता. भरावाचा उतार आणि त्यांच्या वाकड्या पायाचं माप, दोन्ही तंतोतंत जुळत होतं. सपाट जमिनीवर जे व्यंग दिसायचं ते त्या उतारावर भरून निघत होतं. पुलापर्यंत जाऊन ते वळले. परत येताना उंच बाजू दुसऱ्या हाताला आली आणि लंगड पुन्हा दिसली, आधीच्या दुप्पट. धापा टाकत ते रिक्षाच्या दांड्याला धरून उभे राहिले.

"तिशीत हुतो," ते म्हणाले. "चारीच्या दाराच्या चौकटीवरनं खाली गेलो. घोटा. गावात एक बांधणारा हुता, त्यानं बांधला. तो म्हणला, महिन्यानं सोड, चालायला लाग. मी तीन महिने सोडला न्हाय."

"का?"

"भ्यालो, बाबा. दुसरं काय." त्यांनी डाव्या पायाकडे बघितलं. "हाड जुळलं. पण पाय जसा बांधला तसाच बसला. तवापासून मांडी न्हाय, उकिडवं न्हाय. पंगतीला लोक बसत्यात, मी काठी घेऊन हुभा."

मला ती शेळगावची पंगत आठवली. सगळे बसलेले, आबा एकटे उभे. पालथी बादली आठवली.

"लोक म्हणायचे, काय इमानदार माणूस, रिटायर होस्तोवर रोज भरावावरनं चालला," आबा म्हणाले. "मी कशाला दुसरीकडं जातो? हितं जाताना तरी माझा पाय सरळ पडायचा." मग काठी उचलून त्यांनी माझ्या घोट्यासमोर धरली. "तुझ्या सायबानं दार उघडून दिलंय. तूच ते धरून बसलाईस."

त्या दिवशी काटा नव्हता, आकडे नव्हते. मी कुबड्या टेकवल्या, डावा पाय खाली ठेवला आणि मग उजवा. भरावाची माती मऊ होती. फटाका वाजेल म्हणून मी डोळे मिटून थांबलो. वाजलं काहीच नाही. नुसतं पाण्याचं खळखळणं. मी पाच पावलं गेलो. सहाव्याला रिक्षावाला म्हणाला, "आबा, ह्यांना आता आवरा," आणि मी इतका हसलो की पडता पडता वाचलो.

तिथून पुढे सगळं सोपं झालं असं म्हणणार नाही, पण भीती गेली. कुबड्यांवरून काठीवर आलो आणि काठी आबांची वापरावी लागली, कारण त्यांना दुसऱ्या काठीवर विश्वास नव्हता. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहायचं, हा फिजिओच्या मुलीचा हुकूम. मी मोरीत आणि आबा पुढच्या अंगणात, दोघेही एकेका पायावर, तोंडात दंतमंजन. शेजारच्या बाईने माझ्या बायकोला विचारलं, हे कसलं व्रत आहे. मग टाचा उचलणं, पायऱ्या, गल्लीच्या टोकापर्यंत, मग कन्हेरीच्या रस्त्याने. संध्याकाळच्या अंगठ्याला खड्डा अजून पडायचा, पण आबांना चारच्या पुढे मोजावं लागत नसे. पोटही थोडं आत गेलं.

एकच गोष्ट येईना. उकिडवं बसणं. खाली बसायला लागलो की उजवी टाच वर उचलली जायची आणि मी मागे कलंडायचो.

"घोट्यात तेवढा वाक अजून आलेला नाही," फिजिओची मुलगी म्हणाली. "येईल. घाई करू नका. आणि भिऊ नका."

आबा रोज विचारायचे, "टाच?"

"न्हाय टेकत, आबा."

यावर ते बादली पालथी करून तिच्यावर बसायचे आणि रस्त्याकडे बघायचे. एवढ्या एका गोष्टीत मी त्यांच्यासारखा होऊ नये, असं त्यांना किती वाटत होतं ते त्यांच्या त्या बसण्यावरून कळायचं. आणि मला आतून वाटायला लागलं होतं, की नाही टेकणार.

अशातच पहिलं आमंत्रण आलं. इंदापूरचं मंगल कार्यालय, एका संस्थेचा मोठा सत्कार समारंभ. मी हो म्हणालो आणि मग दोन दिवस पाय दाबत बसलो. आबा म्हणाले, "मी येतो. बसायला शेवटची रांग ठेव."

पक्कं स्टेज, पाच पायऱ्या. चढताना मी एकेक मोजली. वर गेल्यावर सतरंजीवर पाय आपटून पाहिले, तेव्हा संयोजक हसले. समोर हॉल भरलेला. हातात स्वागताची यादी, तिच्यात पहिलं नाव प्रमुख पाहुण्यांचं. माझ्या पायांत थरथर होती, पण ती माझ्या ओळखीची, कार्यक्रम सुरू होण्याआधीची थरथर. इतकं बरं वाटलं, की मी क्षणभर काही बोललोच नाही. माझ्या सगळ्या कारकिर्दीतली ती एकमेव शांतता.

मग नजर शेवटच्या रांगेवर गेली. भिंतीला टेकून बँडवाले बसले होते, तोच जाडजूड ट्रम्पेटवाला. त्याच्या शेजारी खुर्चीत आबा, दोन्ही हात काठीवर.

"आजच्या स्वागताची सुरुवात," मी म्हणालो, "आपण शेवटच्या रांगेपासून करणार आहोत."

प्रमुख पाहुणे हारासाठी अर्धे उठले होते, ते तसेच खाली बसले. संयोजकांचा चेहरा शेळगावच्या मामासारखा झाला. मी टेबलावरचा पहिला गुच्छ उचलला, माईक घेतला, पाच पायऱ्या उतरलो आणि सगळा हॉल ओलांडून मागे चालत गेलो. सगळ्या माना माझ्याबरोबर वळत होत्या. आबांसमोर जाऊन मी गुच्छ पुढे केला.

आबांनी गुच्छाकडे बघितलंच नाही. ते काठीच्या आधाराने उठले, कमरेत वाकले आणि त्यांचा हात माझ्या पायाकडे गेला.

हॉलमध्ये एकदम कुजबुज उठली. ऐंशीला टेकलेला माणूस, भर सभेत, निवेदकाच्या पाया पडतोय.  "आबा, अहो, काय करताय," असं म्हणत मी त्यांचा हात धरायला झटकन खाली बसलो. पण आबा पाया पडत नव्हतेच. त्यांनी मोजा खाली सरकवून घोट्यावर अंगठा दाबला, उचलला, बघितलं. एकसुद्धा आकडा मोजला नाही. खड्डा पडलाच नव्हता.

मग त्यांची नजर आणखी खाली गेली आणि तिथेच थांबली. माईक माझ्या हातात, आमच्या दोघांच्या तोंडांच्या मध्ये होता, त्यामुळे पुढचा शब्द सगळ्या इंदापूरने ऐकला असेल.

"टाच?" आबा म्हणाले.

मला खाली बघायचं धाडस होईना. मी आबांच्या तोंडाकडे बघत तसाच बसून राहिलो. उकिडवा.

शेजारून ट्रम्पेटवाल्याने वाकून बघितलं. "टेकलीया, आबा," तो म्हणाला. "दोन्ही बी."

कुणीतरी पुढच्या रांगेत विचारलं, काय टेकलंय. कुणालाच माहीत नव्हतं, पण बँडवाल्यांनी टाळ्या सुरू केल्या आणि त्या रांगारांगांनी पुढे सरकत स्टेजपर्यंत गेल्या. प्रमुख पाहुणेही वाजवायला लागले.

आबा हळूहळू सरळ झाले. माझ्या हातातून गुच्छ काढून घेतला, त्याची उंची काठीला लावून बघितली आणि खुर्चीत बसले. त्यांचे डोळे भरलेले होते, पण आवाज ड्युटीवरचा होता.

"पोचलं," ते म्हणाले. "आता हेडला सोड."

मी उठलो आणि स्टेजकडे निघालो. पायऱ्या मोजायच्या राहूनच गेल्या.